बी वेचण्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत: शाळेत देशी झाडांची रोपवाटिका कशी चालवावी

"गुरुजी, हे कशाचं झाड होतं?" जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने आवारातल्या वाळक्या काडीकडे बोट दाखवून विचारलं. आदल्या जुलैत टेम्पो भरून रोपं आली होती, पाहुणे आले होते, एका सकाळीत दीडशे खड्डे बुजवले होते. त्यातली जगलेली रोपं हाताच्या बोटांवर मोजता येत होती. ती काडी कशाची, हे मलाही सांगता आलं नाही.

आमची शाळा साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशात. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. त्या प्रश्नानंतर आम्ही आणलेली रोपं लावणं बंद केलं आणि स्वतःची रोपवाटिका सुरू केली. पुढे जे लिहिलंय ते त्यातून शिकलेलं आहे. शहरातल्या शाळेला, कोकणातल्या शाळेला काही गोष्टी बदलाव्या लागतील. तिथे तसं सांगितलंय.

पर्यावरण हा विषय सर्व शाळांत शिकवला जावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. तेव्हापासून पुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या. पण वहीत चिकटवलेलं पान आणि आपण पेरलेल्या बीला फुटलेलं पान यांत मुलाच्या दृष्टीने फार अंतर असतं. रोपवाटिकेत मूल वाट बघायला शिकतं, मोजायला शिकतं, आणि पाणी ही काय चीज आहे ते त्याला हाताने कळतं.

आधी वेळापत्रक समजून घ्या

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, झाडाचं तसं नसतं. म्हणून हा उपक्रम एका वर्षात बसवायचा प्रयत्न करू नका. हिवाळ्यात झाडं ओळखायची, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत बी गोळा करायचं, जून-जुलैत पिशव्यांत पेरायचं. रोपं वर्षभर शाळेतच वाढवायची. पुढच्या मे महिन्यात खड्डे, जुलैत लागवड, आणि त्यानंतर दोन उन्हाळे पाणी. चौथीच्या हिवाळ्यात सुरुवात केलेलं मूल सातवीच्या शेवटी आपलं झाड आपल्या पायावर उभं राहिलेलं बघतं. पहिली ते सातवीच्या शाळेला हे गणित नेमकं जुळतं.

तीन-चार महिन्यांचं वीतभर रोप त्याच पावसाळ्यात लावण्याची घाई होते. ओल्या कोकणात ते कदाचित निभेल. आमच्याकडे कमरेएवढं, वर्षभराचं, खोड टणक झालेलं रोपच पहिल्या उन्हाळ्यातून निघतं.

किती रोपं करायची, हेही आधीच ठरवा, आणि ते पाण्यावरून ठरवा. जमिनीत लावलेल्या रोपाला पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण १० लिटर पाणी लागतं असं धरा. नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत सुमारे ३० आठवडे होतात, म्हणजे एका झाडाला ३०० लिटर. ५० झाडांना १५,००० लिटर. हे पाणी मे महिन्यात कुठून येणार, याचं उत्तर नसेल तर झाडं २० लावा. जुलैच्या उत्साहावर आकडा ठरला की मे महिन्यात काड्या उरतात.

हाच हिशेब मुलांकडून करून घ्या. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं. मुलांना आधी हे खरं वाटत नाही, म्हणून गणिताच्या तासाला पडताळून दाखवा. मग त्यांनीच टेपने छप्पर मोजायचं. छप्पर १०० चौरस मीटर आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर ५०,००० लिटर पडलं. गळती, उडणं, पहिला धुवणीचा पाऊस सोडून यातलं ८० टक्के हाती येतं असं धरलं तरी ४०,००० लिटर. पाणी पुरेसं पडतं, साठवायला जागा नसते. ५,००० लिटरची टाकी असेल तर ५० झाडांना ती १० आठवडेच पुरते. हे सातवीतल्या मुलाने फळ्यावर सोडवलं की पावसाच्या पाण्याबद्दल वेगळं भाषण करावं लागत नाही.

झाडं ओळखण्याचा हिवाळा

डिसेंबरमध्ये प्रत्येक मुलाने घर ते शाळा या वाटेवरचं एक मोठं झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच्याकडे पाच मिनिटं बघायचं. पानं कोवळी, जून की गळालेली, कळी, फूल, कच्चं फळ, पिकलेलं फळ, आणि झाडावर कोण बसलं होतं, एवढंच लिहायचं. देशभरातल्या शाळा 'सीझनवॉच' या उपक्रमात अशाच नोंदी करतात. इंटरनेट असेल तर त्यात सहभागी होता येईल, नसेल तर दोनशे पानी वही पुरते.

नाव माहीत नसलेलं झाड निवडलं तर उत्तमच. नाव शोधायला मूल आजीकडे, मेंढरामागे फिरणाऱ्या आबांकडे जातं. एका झाडाची दोन-तीन नावं येतात, ती सगळी लिहून घ्या. आमच्याकडे हिवराबद्दल सर्वांत जास्त माहिती मेंढपाळांच्या घरून आली: शेंगा कधी पडतात, कोणती मेंढरं खातात, सावलीला कोण बसतं. पुस्तकात इतकं नव्हतं.

याच काळात देशी-परदेशी हा विषय निघतो. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे, हे ऐकून मुलं चकित होतात. सीताफळही अमेरिकेतून आलं आणि चिंचेचं मूळ आफ्रिकेत, हे कळल्यावर तर वर्गात वादच होतो. होऊ द्या. चिंच इथे इतकी जुनी आहे की गावांना तिची नावं आहेत आणि वटवाघळं-माकडं तिच्यावर जगतात. माझं मत विचाराल तर रोपवाटिकेत आधी कडुनिंब, करंज, बहावा, बाभूळ, हिवर, खैर, वावळ, आपटा, बोर, उंबर, वड ही मंडळी घ्यावीत, आणि चिंचेला जागा नाकारू नये. ताम्हण आपलं राज्यफूल म्हणून सगळ्यांनाच लावावंसं वाटतं, पण ते ओढ्याकाठचं, ओलाव्याचं झाड आहे. माळावर त्याचे हाल होतात.

बी वेचायला जाताना

पालकांना आधी कळवा, मुलांच्या पायात बूट-चपला असू द्या, सकाळी लवकर जा, आणि दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. झाडावर चढायचं नाही, दगड मारायचे नाहीत, पडलेलं किंवा हाताला येणारं तेवढंच घ्यायचं. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवायचं; विंचू आणि फुरसं तिथेच असतात. गुंज, धोत्रा, कण्हेर, एरंड यांच्या बिया विषारी आहेत, बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड आणतं, खाजकुयलीच्या शेंगेला हात लागला तर दिवस वाया जातो. ही झाडं-वेली आधी लांबून ओळखायला शिकवा. आणि कोणतंही बी तोंडात घालायचं नाही, हा नियम चिंचेलाही लावा.

एका झाडाखाली जेवढं बी दिसतं त्याच्या निम्म्याहून कमी उचलायचं. बाकीचं खारींचं, मुंग्यांचं, पाखरांचं. बी एकाच झाडाचं न घेता निदान पाच-सहा झाडांचं घ्या, म्हणजे एकाच आईची लेकरं होणार नाहीत. देवराईत जायचं असेल तर गावाला विचारा. कितीतरी देवरायांत पडलेलं पानसुद्धा उचलायचं नाही असा नेम असतो. तिथे फक्त बघून यायचं, आणि ती राई आजवर का टिकली याचं उत्तर मुलांना त्या नेमातच मिळतं.

कोणतं बी कधी, ही खरी कळीची गोष्ट. खैराच्या शेंगा हिवाळ्यातच वाळतात. चिंच फेब्रुवारी ते एप्रिल. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली सडा पडल्यासारख्या असतात. वावळीच्या चपट्या पंखवाल्या चकत्या एप्रिल-मे मध्ये वाऱ्याने उडतात. त्या आठवडाभरात गोळा केल्या नाहीत तर गेल्या. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्याच्या शेवटी. कडुनिंबाच्या निंबोळ्या आणि जांभूळ ऐन पावसाच्या तोंडावर.

इथे बियांचे दोन स्वभाव मुलांना सांगायला हवेत. बहावा, बाभूळ, खैर, चिंच यांचं कवच टणक असतं. वाळवून, कापडी पिशवीत राख घालून, नाव आणि तारीख लिहून ठेवलं तर जूनपर्यंत आरामात टिकतं. निंबोळी आणि जांभळाचं बी मात्र थांबत नाही. निंबोळीचा गर काढून, धुऊन, सावलीत सुकवून दोन आठवड्यांच्या आत पेरायला हवी. जांभूळ तर दोन-चार दिवसांत. पहिल्या वर्षी मी निंबोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवल्या आणि ऑगस्टमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. मुलांनी दोन महिने रोज पाणी घातलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहून चूक कबूल करावी लागली. दुसऱ्या वर्षी त्यांनीच आठवण करून दिली.

कोकणातल्या शाळांनी रातांबा, फणस, जांभूळ यांना याच दुसऱ्या गटात धरावं: फळ खाल्लं, बी धुतलं, पेरलं.

वड, पिंपळ, उंबर बियांपासून करणं कठीण, कारण बी खसखशीएवढं. त्यापेक्षा शाळेच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, गटाराच्या फटीत पाखरांनी पेरलेली रोपं शोधा. पावसात भिंत ओली असताना ती मुळांसकट अलगद निघतात. भिंतही वाचते.

बी उगवेल का, हे पेरण्याआधी कळतं

बी पाण्यात टाका. पोकळ, किडकं बी तरंगतं, भरलेलं बुडतं. वावळीसारख्या हलक्या बियांना ही परीक्षा लागू नाही. मग प्रत्येक जातीचं २० बी ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवा, रोज शिंपडा, आणि रोज उघडून मोजा. २० पैकी १३ बियांना मोड आला तर उगवण ६५ टक्के.

एका पिशवीत दोन बिया टोकायच्या असतील तर पुढचा हिशेब मोठ्या मुलांना द्या. ६५ टक्के उगवण असेल तर १०० पिशव्यांपैकी सुमारे ४२ मध्ये दोन्ही उगवतील, ४६ मध्ये एक, आणि १२ रिकाम्या राहतील. पेरल्यावर प्रत्यक्ष मोजा आणि ताडून बघा. दुहेरी पिशव्यांतलं एक रोप चार पानांवर असताना उचलून रिकाम्या पिशवीत लावता येतं.

टणक बियांना मदत लागते. रोपवाटिकांत यासाठी तीव्र आम्लही वापरतात. शाळेत त्याचं नावही काढू नका. बहाव्याचं बी खडबडीत दगडावर एका बाजूने थोडं घासलं की पुरे. नाहीतर शिक्षकाने पाणी उकळून चुलीवरून उतरवायचं, बी त्यात टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. चिंच, करंज साध्या पाण्यात रात्रभर भिजवले तरी चालतं. बाभळीसाठी जुनी युक्ती आहे: शेळ्या जिथे बांधतात तिथलं बी. शेळी शेंग खाते, तिच्या पोटातून निघताना बीचं कवच मऊ होतं, आणि रवंथ करताना टाकलेल्या बियाही तिथेच पडतात. ज्या मुलाच्या घरी शेळ्या आहेत तो त्या दिवशी वर्गातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस असतो.

यातून एक सोपा प्रयोग करा. बहाव्याच्या ५० बिया घासून आणि ५० न घासता, एकाच दिवशी, एकाच मातीत पेरा. महिनाभर रोज मोजा आणि आलेख काढा. कोणता आलेख वर जातो हे आधी सांगू नका.

पिशव्या आणि माती

नवीन पिशव्या विकत घेऊ नका. एक लिटरच्या दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या गावातून गोळा करा. चहाच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलं तर महिन्याभरात शंभर जमतात. धुवायच्या, वरचं तोंड सरळ कापायचं, खालच्या भागात आठ-दहा भोकं पाडायची. पिशव्यांचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण लागवडीच्या दिवशी तेवढ्याच परत मोजून घ्यायच्या आहेत.

माती दोन घमेली, कुजलेलं शेणखत एक, वाळू एक. पोयट्याची माती असेल तर वाळू कमी चालते, काळी चिकण असेल तर वाढवा. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, भुसभुशीत, वास न येणारं हवं. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या असतात आणि त्या मुळं खातात. मुलांना चाळायला बसवा. हुमणी ओळखणं शेतकऱ्याच्या घरात आयुष्यभर उपयोगी पडतं. वाळवीचा त्रास असेल तर घमेल्याला मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

पिशवी गच्च भरायची नाही आणि पोकळही ठेवायची नाही. भरताना दोनदा जमिनीवर आपटायची, वर दोन बोटं जागा सोडायची. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर. खोल गेलेलं बी वर येईपर्यंत दमून जातं. पिशव्या दहा-दहाच्या ओळीत मांडल्या की पहिलीतल्या मुलांनाही मोजता येतात. प्रत्येक ओळीला जातीची पाटी, आणि प्रत्येक मुलाच्या नावावर चार-पाच पिशव्या. सगळ्यांची म्हणून ठेवलेली रोपं कोणाचीच नसतात.

वर्षभराची निगा

पावसाळ्यात रोपं जास्त पाण्याने मरतात. खोडाचा जमिनीजवळचा भाग काळा पडून रोप आडवं झालं की ती मर. पाणी थांबवा, भोकं बुजली आहेत का बघा, आजारी पिशवी बाजूला काढा. पावसानंतर रोज सकाळी झारीने पाणी, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. एका पिशवीला दीडशे मिलिलिटर धरलं तर २०० पिशव्यांना ३० लिटर, उन्हाळ्यात ६०. आमच्याकडे हे सगळं दुपारच्या आहाराच्या वेळी ताटं विसळलेल्या पाण्यावर भागतं. नळाखाली एक टोपलं, त्यात वाळू आणि खडी, खाली बादली. शितं आणि तेल वर अडकतं. साबणाचं पाणी मात्र वेगळं ठेवा.

दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलायची. नाहीतर मुळं भोकांतून जमिनीत शिरतात आणि लागवडीच्या वेळी तुटतात. उचलताना बूट घालून, पिशवी आधी काठीने हलवून; खाली गारवा असतो आणि गारव्याला पाहुणे येतात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बहाव्याच्या रोपांवर हिरव्या अळ्या दिसतील. पहिल्या वेळी मुलं धावत आली: "गुरुजी, औषध मारा, सगळी पानं खाल्ली!" मी थांबवलं. दोन अळ्या बरणीत ठेवल्या, बहाव्याचा पाला घालत राहिलो. काही दिवसांनी कोष, मग एका सकाळी फिकट पिवळसर-पांढरं फुलपाखरू. मुलांनी ते बरणीतून सोडलं तेव्हा वर्गात कोणी बोलत नव्हतं. त्यानंतर पुन्हा प्रश्न टाकला: आता अळ्यांचं काय करायचं? तासभर चर्चा झाली. मुलांनी ठरवलं की निम्म्या ओळी अळ्यांना द्यायच्या, निम्म्यांवरच्या हाताने उचलून तिकडे न्यायच्या. खाल्लेल्या रोपांपैकी बहुतेकांना पुन्हा पालवी फुटली. निसर्गात वाटणी कशी चालते हे मला याहून चांगलं शिकवता आलं नसतं. तुमच्याकडे ही वेळ येईल तेव्हा फवारणीचा पंप लगेच बाहेर काढू नका.

नोंदवहीत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी उंची, पानांची संख्या आणि मेलेल्या रोपांची संख्या लिहायची. मेलेल्या रोपापुढे कारण लिहायचं: मर, वाळवी, उंदीर, पाणी विसरलो. शेवटचं कारण लिहिलं म्हणून कोणालाही रागावू नका, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळी रोपं उंदीरच खातील.

आता मे महिना. बहुतेक शाळांच्या रोपवाटिका सुट्टीत संपतात. एप्रिलमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. शाळेच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या सात-आठ घरांची पाळी ठरवा, आठवड्याला एक घर. तक्ता फाटकावर लावा. सगळ्या पिशव्या झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत, एकमेकींना चिकटून ठेवा, कडेने मातीचा बांध घाला, मध्ये पाचट किंवा पालापाचोळा भरा; पाणी निम्म्यावर येतं. पाणी अजिबातच नसेल तर रोपं मुलांच्या घरी वाटून द्या. घरी गेलेली रोपं जास्त जगतात, असा माझा अनुभव आहे.

जिथे झाड लावायचं नाही

रोपं तयार झाली की गावातून सुचवतात: तो माळ रिकामा आहे, तिकडे लावा. आधी माळावर जा. सुतळीचा एक मीटर बाजूचा चौकोन जमिनीवर मांडा आणि त्यातल्या गवतांचे प्रकार मोजा. पवना, कुसळी, मारवेल, डोंगरी, शिवाय पावसात उगवणारी बारकी फुलं. सकाळी लवकर गेलात तर चंडोल, धाविक ही पाखरं, कदाचित चिंकाऱ्याच्या पावलांचे ठसे. लांडगा, खोकड, माळढोक हे सगळे उघड्या गवताळ रानाचे रहिवासी. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य, बारामतीकडचं मयुरेश्वर अभयारण्य हे असेच गवताळ प्रदेश आहेत. तिथे दाट झाडी उभी केली तर त्यांचं घर मोडतं. मेंढरांची चराईही जाते.

झाडं लावायची ती शाळेच्या कडेने, रस्त्याच्या बाजूला, ओढ्याकाठी, स्मशानभूमीत, शेताच्या बांधावर. वरून विजेच्या तारा नाहीत ना, हे आत्ताच बघा. दहा वर्षांनी फांद्या तोडायची वेळ येते. भिंतीपासून निदान पाच मीटर, वड-पिंपळ तर दहाच्या पुढे. शाळेबाहेर लावायचं असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. सामाजिक वनीकरण विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात गेलात तर राष्ट्रीय हरित सेनेत, म्हणजे शाळांतल्या पर्यावरण मंडळांच्या सरकारी उपक्रमात, शाळेची नोंद आहे का तेही विचारा.

लागवड

खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब-रुंद-खोल. वरची अर्धा फूट माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. खोदकाम मोठ्या माणसांचं. मुलांनी मोजमाप करावं. भरताना वरची चांगली माती तळाला जाते, तिच्यात दोन घमेली शेणखत.

पहिल्या पावसाला लावू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन कोपरभर खोल ओली झाली की मगच. त्याआधी महिनाभर रोपांवरची सावली हळूहळू काढा आणि पाणी कमी करा, म्हणजे ती टणक होतात. लावताना पिशवी ब्लेडने उभी कापायची, हे काम शिक्षकाचं. तळाशी गोल गुंडाळलेली मुळं कात्रीने छाटायची. ती तशीच ठेवली तर झाड काही वर्षांनी वाऱ्यात कोसळतं. पिशवीत जिथपर्यंत माती होती तिथपर्यंतच रोप पुरायचं, भोवती पायाने दाबायचं, उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखं आळं करायचं. काठीला बांधताना सुतळी सैल, आठच्या आकड्यासारखी. आणि त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण. उद्या करू म्हटलं की रात्रीत शेळी येते.

पळस मात्र पिशवीत वाढवू नका. त्याचं सोटमूळ फार लवकर खोल जातं. मे-जूनमध्ये चपट्या शेंगेच्या टोकाशी असलेलं एकुलतं एक बी थेट जागेवर टोका.

दोन उन्हाळे

ऑक्टोबर हिट सुरू झाली की आळ्यात चार बोटं जाड पालापाचोळा पसरा. पाण्यासाठी घरोघरचे जुने माठ मागा. जुन्या माठाची छिद्रं बुजलेली असतात, तो पाझरत नाही, म्हणून तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा. रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. भरलेला माठ किती दिवसांत रिकामा होतो ते पाहून चिंधी जाड-बारीक करा. वरून ओतलेल्या पाण्यातलं बरंचसं उन्हात उडतं. हे पाणी मुळाशीच राहतं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला माठ भरायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पण दुप्पट पाणी, म्हणजे मुळं ओलीमागे खोल जातात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर काट्यांचं कुंपण काढा, माठ उकरून पुढच्या रोपांना द्या.

दर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिलं काम मोजणीचं. किती लावली, किती आहेत, गेलेली कशाने गेली. आकडा शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहा, कमी असला तरी लिहा. सातवीची मुलं शाळा सोडताना आपली नोंदवही आणि झाडाची पाटी चौथीतल्या एका मुलाच्या हाती देतात. सोबत तासभर झाडापाशी बसून सगळं समजावतात: माठाचं भोक कुठे बुजतं, शेळी कोणाची, आणि बी कुठल्या झाडाखालचं होतं.